पहिल्या पायरीवरचा जादूगार

“थांबा! हात लावू नका त्येला!”

विजयमाला अर्धवट वाकली होती, ती तशीच थांबली. एका हातात कांदा-लसूण चटणीची बरणी, काखेत छत्री... आणि हुकूम सोडणारा माणूस कुठंच दिसेना. सांगलीच्या एस.टी. स्टँडवर आषाढातली भुरभुर चालली होती. वाळव्याच्या गाडीतून उतरून ती चार पावलं चालली असेल नसेल, तोच चपलेखाली खडा आला. तिनं पाय झटकला. खडा टुणटुण करत पुढं गेला, थांबला, आणि बघते तर तो खडा नव्हताच. पिवळट, गोटीएवढा, आणि अंगभर आकडे!

“किती पडलंय?” आवाज बाकाखालून आला. पाठोपाठ डोकं आलं. कुरळे केस, त्यात कोळिष्टक, आणि एवढं घाबरलेलं तोंड की जणू परीक्षेचा निकालच तिच्या पायाशी पडलाय.

“काय किती?”

“वरच्या अंगाला आकडा कंचा हाय?”

“सात.”

“रंग?”

“आँ?”

“आकड्याचा रंग वो! काळा का लाल?”

“...लाल.”

“लाल सात, म्हंजे सतरा,” तो म्हणाला आणि बाकाखालून सगळाच बाहेर आला. उंच, सडपातळ, गुडघ्यांना चिखल.

“सात म्हंजे सतरा कसे? मी बी.एस्सी.ला हाय. गणित घेऊन.”

“म्हणूनच तुमची गडबड व्हतीय. ह्येला तोंडं वीस, पण आकडे शून्य ते नऊच, दोनदा. म्हणून एका खेपेचे मी लाल केले. लाल आला की दहा मिळवायचे.” त्यानं फासा उचलून तळहातावर घेतला. एकदा फाशाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग परत फाशाकडं. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात आटपाडीच्या गाडीनं हॉर्न दिला. कंडक्टर दारातून ओरडला, “ओ पाव्हणं, येताय का जाऊ?”

“जावा!” हा म्हणाला. “आमचं सतरा पडलंय.”

गाडी गेली. बाकावर त्याची पत्र्याची ट्रंक तशीच राहिली आणि तो खुळ्यासारखा हसत उभा राहिला. माणूस चांगला दिसतोय, पण डोकं ठिकाणावर नाही, असा हिशेब करून विजयमाला तरातरा चालू लागली. वळून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. फाटकाशी पोचल्यावर वळून बघितलंच.

आणि संध्याकाळी काय व्हावं! मनुआत्याच्या खाणावळीत पहिल्या पंगतीला हाच गडी ट्रंकेसकट हजर.

मनुबाई म्हणजे विजयमालेची सख्खी आत्या. नवरा गेल्यापासून सांगलीत खाणावळ चालवून तिनं निम्मं इंजिनियरिंग कॉलेज पोसलं होतं. पोरं तिला मावशी म्हणत आणि वचकून असत. विजयमाला तिच्याकडंच राहून शेवटच्या वर्षाला शिकत होती आणि संध्याकाळी वाढायला मदत करत होती. नव्या मेंबराचं नाव नाथाजी. आटपाडीकडचा. बापाची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला दोन विषय राहिलेले, म्हणून जुनी खोली सोडून गावाकडं निघाला होता...

“मग गेला का न्हाईस?” आत्यानं विचारलं.

“फाशानं न्हाई म्हटलं, मावशी. दहाच्या वर पडलं तर ऱ्हायचं, खाली पडलं तर मेंढरं राखायला जायचं, असं ठरवलं हुतं.”

“आन् फाशानं सांगितलं आन् तू ऱ्हायलास?”

“व्हय,” नाथाजी म्हणाला आणि भाकरी वाढणाऱ्या हाताकडं बघत राहिला. पुरे म्हणायला त्यानं एवढा उशीर लावला की ताटात तीन भाकऱ्या झाल्या.

आता तो फासा कसला, ते सांगितलं पाहिजे. नाथाजीचा जुना खोलीमित्र शिकायला अमेरिकेला गेला होता. त्यानं तिकडून एक पुडकं पाठवलं. त्यात चार पातळ पुस्तिका आणि पाच तऱ्हेचे फासे. खेळ असा, की पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं पंच व्हायचं. पंच सांगणार, तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून घाण वास येतोय, बोला काय करता? बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं, लढवय्या, पुजारी, चोर नाहीतर जादूगार, आणि आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं. जमलं का फसलं ते फासा ठरवणार.

रविवारी दुपारी गोडाधोडाचं जेवण झालं की खाणावळीला संध्याकाळची सुट्टी असे. पोरं सिनेमाला पळायची. त्यापेक्षा डोळ्यांदेखत बसलेली बरी म्हणून आत्यानं सोप्यात सतरंजी टाकून दिली. आणि पहिल्याच रविवारी स्वतःच फतकल मारून बसली.

“मी चोर,” आत्या म्हणाली.

“मावशी, तुमी?”

“वीस वरसं खाणावळ चालवते रं. चोर कसा चालतो, कुठं बघतो, डब्याला हात कवा घालतो, मला सगळं ठावं हाय.”

लढवय्या झाला खाणावळीतलाच हंबीरराव. तो शिराळ्याचा, लॉ कॉलेजला होता आणि रोज तालमीत घुमत होता. त्याच्या मानेकडं बघून त्याला दुसरं काही व्हायला कुणी सांगितलंच नसतं. पुजारी व्हायला कुणी तयार होईना. राहिली विजयमाला. तिनं जादूगार घेतला आणि तिथून तिच्या डोक्याची जी मंडई झाली ती काय विचारू नका.

लढवय्याच्या जिवाचे गुण काढायला आठ तोंडांचा फासा. जादूगाराला चार तोंडांचा. हंबीररावाला पडले सात, तिला दोन. लढवय्याला चिलखत, ढाल, तलवार. जादूगाराला अंगावरचा झगा आणि एक सुरी. आणि मंत्र किती? एक! तोही एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जायचा, दुसऱ्या दिवसापर्यंत कोरा.

“हा न्याय हाय का?” विजयमाला म्हणाली.

“पुस्तकात हाय,” पंच झालेला नाथाजी म्हणाला.

दहाव्या मिनिटाला एका उंदरानं तिचा जादूगार मारला.

“आवं, उंदरानं?”

“मोठा हुता,” नाथाजी म्हणाला. चेहरा असा कोरा, की दुपारी आपला पापड तिच्या ताटाकडं सरकवणारा हाच का, असं तिला वाटून गेलं.

मंत्र विसरण्यावरून तर भांडणच पेटलं. “मंत्र म्हटल्यावर इसरतो?” आत्या कडाडली. “आमच्या गावचा हरिबा इच्चू उतरवायचा. सूर्याला गिराण लागलं की नदीत छातीएवढ्या पाण्यात हुबा राहून जप करायचा. जेवढा म्हणंल तेवढा मंत्र चढतोय, बाबा! इसरतोय कसला? तुज्या अमेरिकेच्या मंत्रात काय दम न्हाई.”

हंबीररावानंही मान डोलावली. पंच एकटा पडला. ठरलं, की मंत्र विसरायचा नाही. पाहिजे तेवढा म्हणायचा.

पुढच्या रविवारी विजयमालेच्या नव्या जादूगारानं निद्रामंत्र टाकून आख्खी गुहा झोपवली. पहारेकरी झोपले, सरदार झोपला, त्याची कुत्री झोपली. दोन तास असंच. शेवटी हंबीररावानं हातातली काल्पनिक तलवार खाली ठेवली. “आता मी काय करू? निजलेल्यांच्या अंगावर चादरी घालू?” बिचारा दुसऱ्या दिवशीसुद्धा दोनच भाकरी जेवला.

म्हणजे आधी जादूगार मरतुकडा, आता बाकीचे रिकामे. विजयमालेनं पुस्तिका मागून घेतल्या. आठवडाभर ती कोष्टकं पालथी घालत होती. चोर बाराशे गुणांत वरची पायरी चढतो, लढवय्याला दोन हजार लागतात, जादूगाराला अडीच. तागडीचं एक पारडं वर करावं तर दुसरं खाली जात होतं. कॉलेजातली गणितं कशी मुकाट सुटायची! आणि पुस्तिकेच्या समासात मधेच बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं सापडायचं, ‘हे वि. ला विचारणे.’ हा वि. म्हणजे कोण? विजयमाला? का कुणी विठ्ठल? तिनं तीन वेळा ते पान उघडलं आणि तीन वेळा मिटलं.

तोड शेवटी तिनंच काढली. मंत्र विसरायचा नाही, पण म्हणायचा एकशे आठ वेळा. खरोखर, तोंडानं, सगळ्यांसमोर. मोजायला आत्याच्या बरणीतले चिंचोके. मधे दुसरा शब्द काढला किंवा मोजणी चुकली, की पुन्हा पहिल्यापासून. आणि तोवर बाकीच्यांनी तिला जपायचं.

“म्हंजे मी म्होरं हुबा राहून कुनाला जवळ येऊ द्यायचं न्हाई?” हंबीररावाची कळी खुलली. “ह्येला म्हणत्यात काम!”

नाथाजीनं वहीवरची तिची आकडेमोड वरपासून खालपर्यंत वाचली. “अमेरिकेला कळवायला पायजे,” तो हळूच म्हणाला. “त्यांस्नी न्हाई जमलं हे.” मग तिच्याकडं बघून हसला, आणि ती चिंचोके मोजताना तेवीसनंतर एकवीस म्हणाली.

पण म्हणून त्यानं काही सवलत दिली असेल तर शपथ! नागपंचमीच्या आठवड्यात गुहेत नाग निघाला. हंबीरराव शिराळ्याचा, नागपंचमीला जिवंत नाग पुजणाऱ्या गावचा. तो हात जोडून उभा राहिला. “नागाव मी तलवार उचलत नसतो. दूध असलं तर ठेवा.” नागानं दूध काही प्यायलं नाही, विजयमालेचा दुसरा जादूगार मात्र डसून मारला. तिसरा तर गुहेची पायरी उतरताना नुसता घसरूनच मेला.

“तुमचं माज्याशी काय वाकडं हाय का?” तिनं विचारलं.

“पंचाला सोयरं नसतं,” तो म्हणाला.

मग समासातलं वि. कुणासाठी? आणि रोज पुरे म्हणायला उशीर का? विजयमालेला काही म्हणता काही उलगडेना.

भादव्यात कृष्णेला पाणी चढलं. सांगलीकरांना पाणी चढलं की बघायला जाण्याचं वेड. आत्या आणि हंबीरराव आयर्विन पुलावर पुढं, हे दोघं मागं. वाऱ्यानं छत्री उलटी व्हायला लागली म्हणून त्यानं दांडा धरला. तिचा हात आधीच तिथं होता. त्यानं हात चार बोटं वर सरकवला... काढला मात्र नाही.

“मला येक सांगा,” ती पाण्याकडं बघत म्हणाली. “जादूगार कुणी घ्यावाच कशाला? लढवय्या पहिल्या दिवसापासनं तयार.”

“तयार हाय खरा. पण तो पुढं बी तलवारच फिरवत असतोय. जादूगार पाचव्या पायरीवर गेला की हातातनं आगीचा गोळा सोडतो. तवा त्येच्याकडं बघावं.”

“आन् पाचव्या पायरीपतूर जगलाच न्हाई तर?”

“त्योच तर डाव हाय.” त्यानं छत्रीचा दांडा सरळ केला. “तवर कुनीतरी जवळ हुबं ऱ्हायला पायजे. पण असं कुनाला कसं म्हणायचं, की माज्याकडं आज काय न्हाई, तू थांब...”

“खेळातलं म्हणताय न्हवं?”

“...व्हय. खेळातलंच.”

घरी येईपर्यंत ती भिजली होती, छत्री असून. खेळातलंच असेल तर मधेच अडखळला का? आणि खेळातलं नसेल तर व्हय का म्हणाला?

दसरा झाला आणि आबांचं, तिच्या वडिलांचं, पत्र आलं. फलटणकडचं स्थळ. मुलगा बाळासो, साखर कारखान्यात केमिस्ट, घरचा ऊस, दाराशी जीप. येत्या रविवारी सांगलीतच बघायला येणार, मुलीनं त्यानंतरच्या गुरुवारपर्यंत होय-नाही कळवावं. आबा तसे दिलदार, मुलीला विचारत होते. पण नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं होतं, आणि विजयमालेकडं कारण म्हणून दाखवायला काय होतं? एक उलटी छत्री आणि पेन्सिलीचं एक अक्षर.

आत्यानं बातमी मुद्दाम भर पंगतीत सांगितली. सांगताना तिची नजर एकाच ताटावर होती.

“चांगलंय,” नाथाजी म्हणाला. त्या रात्री त्यानं पहिल्या भाकरीलाच पुरे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विजयमालेनं त्याला दारातच गाठलं. “पंच म्हणून विचारते. पहिल्याच पायरीवर चिलखत, तलवार, घोडा सगळं असलेला लढवय्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला जादूगार. कुणाला निवडावं?”

त्याचा चेहरा पांढरा पडला. “पंचानं सल्ला द्यायचा नसतो,” तो म्हणाला आणि चपला पायात नीट न घालताच निघून गेला. तिला रडू आलं, रागही आला, आणि आधी कुठलं आलं तेही कळेना.

रविवारी मंडळी आली. विजयमालेला वाटलं होतं, मुलगा आखडू असेल, मिशा पिळेल, काहीतरी खोट सापडेल. कुठलं काय! बाळासो साधा, हसरा. “गणित? माझं तर कायम कच्चं. आमच्या कारखान्यात तुमच्यासारखं माणूस पायजे,” म्हणाला, दोनदा पोहे मागून खाल्ले, जाताना आत्याच्या पाया पडला. त्याच्यात नाव ठेवायला काहीच नव्हतं, आणि म्हणूनच तिचा गोंधळ दुप्पट झाला. जीप गेली. आत्यानं विचारलं, “मग गं?”

“गुरुवार लांब हाय. आदी खेळू,” ती म्हणाली.

चार वाजता सोप्यात सतरंजी पडली. विजयमाला अजून बघण्याच्या साडीतच होती, हिरव्या इरकलीत. नाथाजीनं एकदा वर बघितलं, मग पुस्तिकेत जे डोकं घातलं ते काढलंच नाही.

तिचा चौथा जादूगार. दोन महिने जगलेला, तिसऱ्या पायरीला पोचत आलेला, चार गुणांचा जीव सांभाळून. समोर आला एक दांडगा राक्षस. तिनं चिंचोके पुढं ओढले आणि जप सुरू केला. “नीज नीज, डोळा मीट. एक. नीज नीज, डोळा मीट. दोन...” हंबीरराव वाट अडवून उभा राहिला. आत्या अंधारातून राक्षसाच्या मागं सरकली. पन्नासाव्या चिंचोक्याला हंबीररावाची ढाल फुटली. ऐंशीला तो आडवा पडला.

“आता राक्षस जादूगारावर येतोय,” पंच म्हणाला. “आठच्या वर पडलं तर... संपलं.”

“खुशाल टाक,” हंबीरराव जमिनीवरून म्हणाला.

नाथाजीनं फासा टाकला. फासा सतरंजीवरून उडाला, फरशीवर टुणटुणला आणि विजयमालेच्या पायाशी येऊन थांबला. ती जप करत होती. नव्वद. तिनं खाली बघितलं.

लाल नऊ. म्हणजे एकोणीस.

नाथाजी वाकला. त्यानं फासा बघितला, मुठीत घेतला आणि सरळ बसला. “काळा दोन,” तो म्हणाला. “चुकला त्येचा वार.”

“शाब्बास!” हंबीरराव ओरडला. आत्या खोकली.

आणि विजयमालेला बोलायची सोय नव्हती! एक शब्द वेगळा निघाला की जप मोडला. नीज नीज, डोळा मीट, एक्याण्णव. खोटं बोलला. ब्याण्णव. ह्यानं माझे तीन जादूगार मारले, एकाला उंदराकडून मारलं, आणि आज खोटं बोलला! त्र्याण्णव. दया आली व्हय माझी? चौऱ्याण्णव. लग्न करून जाणार म्हणून पदरात दान टाकलं? तिचे डोळे भरून आले, चिंचोके दिसेनात, तरी बोटं सरकत होती. एकशे सहा. एकशे सात. एकशे आठ. राक्षस झोपला. ती उठली ती तडक परसात हौदापाशी गेली, चिंचोक्यांची वाटी हातात तशीच घेऊन.

नाथाजी मागोमाग आला. ऊन उतरत होतं, हौदात पारिजातकाची पानं पडली होती.

“लाल नऊ हुता,” ती म्हणाली.

“व्हय.”

“पंचाला सोयरं नसतं म्हणत हुता न्हवं? मला तुमची दया नको हाय! मेला असता जादूगार तर मेला असता!”

“दया न्हवं ती.” तो हौदाच्या कडेला टेकला. “मी फाशाला कवाच खोटं पाडलं न्हाई. दोनदाच. आज, आन्...”

“आन्?”

“पहिल्या दिवशी. स्टँडवर.”

“स्टँडवर काय? लाल सात हुता, मी बघितला की!”

“तुमी बघितला तवा लाल सात हुता. त्येच्या आदी मी बाकाखालनं बघितला हुता. काळा तीन. म्हंजे गावाकडंच जायला लागणार हुतं. मग येक चप्पल आली आन् तिनं फासा उडवला.” तो हसला, पण डोळ्यांत पाणी होतं. “नियमानं तो डाव बाद. परत टाकायला पायजे हुता. मी तुमच्याकडं बघितलं आन्... न्हाई टाकला.”

चार महिन्यांचा गोंधळ विजयमालेच्या डोक्यात गर्रकन फिरला. त्या दिवशीचं ते फाशाकडं आणि तिच्याकडं बघणं, उघडून मिटलेलं तोंड, तीन भाकऱ्या.

“मग चांगलंय कशाला म्हणाला?”

“काय म्हणणार? तुमचं वाळव्याला उसाचं रान, आमचं घर मेंढरामागं फिरणारं. दोन विषय निघाले, पण नोकरीला अजून दीड वरीस. त्यो जीपवाला चांगला हाय, मी कोपऱ्यावर हुबा राहून बघितला त्येला.” त्यानं मान खाली घातली. “पहिल्या पायरीवरचा जादूगार हाय मी. दोन गुणांचा. अशा माणसानं थांब म्हणून सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?”

“आन् पाचव्या पायरीवरच्या आगीच्या गोळ्याचं काय? मला पुलावर सांगितलं ते?”

“ते खेळातलं...”

“खेळातलं म्हणू नका!” ती एवढ्यानं ओरडली की आत भांडं पडलं. “तीन जादूगार मेल्यावर मी लढवय्या घेतला का? चौथा बी जादूगारच घेतला का न्हाई? मग तुमास्नी एवढं बी कळू नये? काय म्हणायचं असंल ते म्हणा, गुरुवारच्या आदी!”

तो उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. “विजया... तू मला आवडतीस. लय.”

पहिल्यांदा तू म्हणाला. तिच्या कानापर्यंत ऊन चढलं. हसू ओठांवर येऊ द्यायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि फाटकाशी वळून न बघण्याचं ठरवलं होतं तितकंच ते टिकलं.

“आता पुस्तकाप्रमाणं हा मंत्र संपला,” तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. “एकदाच. पुन्हा म्हणायचा धीर न्हाई माज्यात.”

“ते अमेरिकेत. आपल्याकडं मंत्र म्हटल्यानं चढतो.” तिनं चिंचोक्यांची वाटी धुण्याच्या दगडावर ओतली. “एकशे आठ.”

“आत्ता?”

“मग काय गिराणाची वाट बघणार?”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला. चोरच ती, पहिल्यापासून कान लावून बसली होती. “मी उद्या पहिल्या गाडीनं वाळव्याला जाते. दादाला सांगते, फलटणला न्हाई कळव म्हणून. बाकीचं बी सांगते. वरडंल आदी, महिनाभर जेवणार न्हाई, भाऊबंद बोलतील. पहिल्या पायरीला आसंच आसतंय. मी हाय हुबी म्होरं.”

“आन् मी!” हंबीरराव मागून म्हणाला.

“तू आत चल, मुडद्या. राक्षसानं पाडलंय तुला.”

खिडकी मिटली. नाथाजी दगडापाशी बसला. एकेक चिंचोका डावीकडून उजवीकडं सरकवत म्हणू लागला, “तू मला आवडतीस. एक. तू मला आवडतीस. दोन...” दहापर्यंत तो लाजत होता. तिसापर्यंत घसा खाकरत होता. साठाच्या पुढं मात्र त्याचा आवाज असा मोकळा झाला, की विजयमालेलाच पदराचं टोक बोटाला गुंडाळत हौदाकडं तोंड करावं लागलं. एकशे पाच. एकशे सहा. एकशे सात...

बोटं दगडावर चाचपडली. चिंचोका नव्हता. त्यानं वाटी पालथी केली, दगडाखाली बघितलं.

“एक कमी हाय,” विजयमाला म्हणाली. “मोजणी चुकली. आता पुन्हा पहिल्यापासनं. नियम हाय.”

नाथाजीनं वर बघितलं. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. पंचानं ती मूठ चांगली निरखून बघितली, आणि तिसऱ्यांदा खोटं चालू दिलं. सगळे चिंचोके त्यानं पुन्हा डावीकडं ओढले.

“तू मला आवडतीस,” तो म्हणाला. “एक.”